पैठणचा गावबा आणि वर्गातला शेवटचा बाक

पहिलीत असताना मला ‘ळ’ म्हणता येत नव्हता. घरात आम्ही दखनी बोलायचो आणि दखनीत ‘ळ’ नाही. त्यामुळे ‘शाळा’ची ‘शाला’ व्हायची आणि ‘फळा’चा ‘फला’. वर्ग हसायचा. गुरुजी वाईट नव्हते, पण हसणाऱ्या वर्गाला त्यांनी कधी थांबवले नाही. मोहल्ल्यातली आम्ही पाच-सहा पोरे हळूहळू शेवटच्या बाकांवर जाऊन बसलो. कुणी बसवले असे नाही. तिथे आवाज कमी चढवावा लागायचा.

माझ्या बाकावर आणखी एक जण होता. त्याचे दुखणे वेगळे होते. त्याला अक्षरेच ओळखू यायची नाहीत. ‘घ’ आणि ‘ध’ त्याला सारखेच दिसायचे. पण वडिलांच्या दुकानात तो अख्खी सायकल सुटी करून पुन्हा जोडायचा. शाळेत त्याला ‘मठ्ठ’ म्हणत. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही.

हे सगळे मला आठवले ते बऱ्याच वर्षांनी, पैठणला, नाथषष्ठीच्या दिवसांत. गावातल्या नाथवाड्यात रांजण भरायला रांग लागली होती. बाहेर नदीकाठाकडे दिंड्यांच्या राहुट्या पडल्या होत्या. एका राहुटीत ‘विंचू’ हे भारूड चालले होते. लुगडे नेसलेला सोंगाड्या विंचू चावल्यासारखा नाचत होता. पुढे बसलेली पोरे हसून लोळत होती. मागे एक म्हातारी डोळे मिटून टाळ्यांचा ताल धरत होती. मध्येच सोंगाड्या थांबला आणि हा विंचू म्हणजे काम आणि क्रोध, असे त्याने दोन वाक्यांत सांगितले. म्हातारीने मान हलवली. पोरांना ते कळले की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या वर्षी ती पुन्हा येतील आणि कधीतरी कळेल.

मला वाटले, हा एक वर्गच आहे. इथे शेवटचा बाक कुठे आहे?

आज शिक्षणाच्या जगात ‘समावेशक शिक्षण’ हा शब्द सतत कानावर येतो. मूल कोणत्या घरातले आहे, कोणती भाषा बोलते, त्याला ऐकू येते का, वाचता येते का, ते किती वेगाने शिकते, हे सगळे गृहीत धरून शिकवण्याची रचना करायची, असा त्याचा अर्थ. शब्द नवा आहे, परदेशातून आलेला आहे. प्रश्न मात्र जुना आहे. शिकणाऱ्याला कळले नाही तर कमतरता कुणात शोधायची, शिकणाऱ्यात की शिकवण्यात? पैठणच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे.

मोदक मागवणारा राजा

पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने लिहिलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात इथल्या एका सातवाहन राजाची गोष्ट आहे. राजा राण्यांसोबत जलक्रीडा करत होता. एक राणी थकून संस्कृतात म्हणाली, माझ्यावर पाणी उडवू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ या दोन शब्दांचा संधी झाला ‘मोदकैः’. राजाला संस्कृत येत नव्हते. त्याने तातडीने मोदक मागवले. राणी हसली. राजा लाजेने आजारी पडावा तसा कोपऱ्यात जाऊन बसला, कुणाशी बोलेना.

गोष्ट वाचताना मला माझी ‘शाला’ आठवते. हसणे राजालाही सोडत नाही.

पुढे दरबारातले दोन विद्वान राजासमोर आले. गुणाढ्य म्हणाला, व्याकरण शिकायला लोकांना १२ वर्षे लागतात, मी ६ वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी ६ महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली आणि तो हरला. पैजेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली या तिन्हींचा त्याग केला आणि पुढे ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत लिहिली, असे कथा सांगते.

कथेतला दैवी भाग बाजूला ठेवला तरी शर्ववर्म्याच्या नावावरचे ‘कातंत्र’ हे व्याकरण खरेच आहे. पाणिनीची सूत्रे सुमारे ४,०००. ती इतकी आवळलेली की पुढची माहीत असल्याशिवाय मागची कळत नाहीत. ‘कातंत्र’ची सूत्रे त्याहून कितीतरी कमी आणि मांडणी शिकणाऱ्याच्या सोयीची. आधी संधी, मग नामे, मग क्रियापदे. हे व्याकरण बंगालमध्ये, काश्मिरात, तिबेटात शिकवले गेले. मध्य आशियाच्या वाळवंटातही त्याच्या हस्तलिखितांचे तुकडे सापडले. ज्यांची मातृभाषा संस्कृतच्या जवळपासही नव्हती, अशा बौद्ध भिक्षूंना ते सोपे पडले.

शर्ववर्म्याने राजाला मंद ठरवले नाही. त्याने पुस्तक बदलले. समावेशक शिक्षणाचे पहिले सूत्र याहून साधे सांगता येणार नाही.

पण एक गोष्ट इथेच नोंदवायला हवी. पुस्तक बदलले ते राजासाठी. त्याच गावातल्या कुंभाराला किंवा मोलकरणीला शिकायचे असते, तर शर्ववर्मा तितक्याच तत्परतेने पुढे आला असता का?

शुद्धिपत्राचे शहर

पुढच्या काळात पैठणची ओळख दक्षिणेतली काशी अशी झाली. इथले पंडित धर्मशास्त्राचे निवाडे देत. कोण शुद्ध, कोण अशुद्ध, कुणाला मुंजीचा अधिकार, कुणाला नाही, हे इथे ठरे. १३व्या शतकात निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही भावंडे शुद्धिपत्र मागायला इथेच आली. संन्याशाची पोरे म्हणून त्यांना समाजाने वाळीत टाकले होते. ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची दंतकथा पैठणच्या नागघाटाशी जोडलेली आहे.

दंतकथा इतिहास नसते, पण लोकांना काय खुपत होते ते ती सांगते. वेद म्हणण्याचा अधिकार जन्मावर ठरत असेल, तर रेड्याने वेद म्हटल्यावर त्या अधिकाराचे काय उरते? ज्याने कुणी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली, त्याचा रोख रेड्यावर नव्हता, दारावर बसलेल्या परीक्षकांवर होता. या गावाला परीक्षा घेता येत होती. शिकवणे त्याला निराळ्या लोकांनी शिकवले.

म्हाताऱ्यांसाठी मराठी

त्या निराळ्या लोकांतले पहिले चक्रधरस्वामी. ते मूळ गुजरातचे. मराठी त्यांची जन्मभाषा नव्हती. तरीही त्यांनी शिकवले मराठीत. त्यांच्या चरित्राचा, म्हणजे ‘लीळाचरित्रा’चा, मोठा भाग पैठणशी जोडलेला आहे. ‘पूर्वार्ध’ पैठणपासूनच सुरू होतो. त्यांच्या निकटच्या शिष्या बाइसा त्यांना इथेच भेटल्या.

चक्रधरांच्या शिकवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते प्रवचनाला बसत नसत, चालता बोलता शिकवत. समोरच्याच्या व्यवहारातले उदाहरण घेऊन सिद्धांत सांगत. केसोबासांनी पुढे अशा ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ केला. त्यांच्या शिष्या महदाइसा सतत प्रश्न विचारत. त्यांचे प्रश्न कुणी दाबले नाहीत, उलट ते ग्रंथात नोंदले गेले. मराठीतल्या आद्य कवयित्री म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. मासिक पाळीच्या कारणाने बाईला धर्मापासून दूर ठेवणे चक्रधरांना मान्य नव्हते. स्त्रिया त्यांच्याकडे ओढल्या जातात, हाच त्यांच्या विरोधकांचा मोठा आक्षेप होता.

त्यांच्या पश्चात पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केसोबास संस्कृतचे पंडित. त्यांनी संस्कृतात रचना सुरू केली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. कारण अगदी व्यवहाराचे दिले. पंथातल्या म्हाताऱ्या बायांना संस्कृत कळत नाही, त्या मुकतील. हा प्रसंग ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आहे.

एखाद्या पंथाचा आचार्य ग्रंथाची भाषा ठरवताना सर्वांत हुशार शिष्याचा विचार करत नाही. तो सर्वांत मागे बसलेल्या म्हातारीचा विचार करतो. शिक्षणाची धोरणे लिहिणाऱ्या समित्यांनी हे वाक्य समोरच्या भिंतीवर लावून ठेवावे.

नाथांच्या वाड्यातला वर्ग

सुमारे अडीचशे वर्षांनी याच पैठणात एकनाथ जन्मले. त्यांचा काळ साधारण १५३३ ते १५९९. मुलूख निजामशाहीचा. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशाहीच्या चाकरीत होते. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. ते सुफी परंपरेतले होते का, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण त्यांचे स्थान दौलताबादला आहे आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद हे त्यांचेच शिष्य. शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. म्हणजे एकाच मुळाच्या एका फांदीवर पैठणचे ब्राह्मण एकनाथ आणि दुसऱ्या फांदीवर श्रीगोंद्याचे मुसलमान शेख महंमद. दोघेही मराठीत लिहिणारे. आपल्याकडे मुलांना इतिहास शिकवताना या फांद्या बहुधा छाटलेल्या असतात.

एकनाथ स्वतः मोठे पंडित होते. भागवताच्या ११व्या स्कंधावर त्यांनी १८ हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली आणि १५७३ साली ती काशीत पूर्ण केली. १५८४ साली त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची पाठशुद्ध प्रत सिद्ध केली. या माणसाला केवळ पंडितांसाठी लिहायचे असते तर कुणी हरकत घेतली नसती. त्यांनी भारुडे लिहिली, सुमारे ३००.

भारुडात कोण कोण आहे ते पाहा. वासुदेव, जोशी, गोंधळी, भराडी, कोल्हाटीण, वैदू. जोहार घालणारा महार. फकीर आणि दरवेश. नवऱ्याला कंटाळलेली ‘दादला’मधली बाई. सासू-सासऱ्यांचा काटा निघावा म्हणून देवीला नवस बोलणारी ‘रोडगा’मधली सून. हे सगळे लोक पैठणच्या रस्त्यावर रोज दिसणारे. कचेरीत काम करणाऱ्यांसाठीही भारूड आहे. ‘अर्जदस्त’ हे निजामशाहीतल्या सरकारी अर्जाच्या साच्यात, फारसी शब्दांनी भरलेल्या मराठीत लिहिलेले आहे. त्यात शरीर हाच एक परगणा आहे आणि त्याचे नाव शरीराबाद. कारकुनाला आत्मज्ञान सांगायचे तर कारकुनाच्या भाषेत. ‘हिंदु-तुर्क संवाद’ तर भांडणापासूनच सुरू होतो. दोघे एकमेकांच्या धर्मातल्या खटकणाऱ्या गोष्टी तोंडावर सांगतात आणि शेवटी गळाभेट घेतात. वाद दडपून ऐक्य सांगण्यापेक्षा वाद पूर्ण होऊ देणे, हीसुद्धा शिकवण्याची एक रीत आहे.

शिकवण्याचे साधन म्हणून भारूड उघडून पाहिले तर त्यात बऱ्याच सोयी सापडतात. विषय ऐकणाऱ्याच्या घरातला, म्हणून सुरुवातीला कुणी परका नसतो. धृपद पुन्हा पुन्हा येते, म्हणून एकदा निसटलेले परत हाती लागते. सोंग असते, म्हणून शब्द न कळणाराही हावभावावरून धरतो. ताल असतो, म्हणून ज्याला दिसत नाही तोही मागे राहत नाही. वाचता येण्याची अट नाही. हसू येते, म्हणून भीती जाते. आणि अर्थ दुहेरी असतो. पोराला नाच मिळतो, म्हातारीला वेदान्त मिळतो. दोघेही एकाच वर्गात, एकाच वेळी.

हे सगळे एकनाथांच्या घरातच सर्वांना पटले होते असे नाही. परंपरेतली चरित्रे सांगतात की त्यांचे पुत्र हरिपंडित यांना वडिलांचे प्राकृतातले प्रवचन रुचत नव्हते. ते रुसून काशीला गेले. परत आले ते दोन अटी घालून. प्रवचन प्राकृतात करायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. एकनाथांनी अटी मानल्या. प्रवचनाची गादी हरिपंडितांकडे गेली, संस्कृत सुरू झाले आणि श्रोते एकेक करून येईनासे झाले. शेवटी हरिपंडितांनाच चूक कळली आणि गादी वडिलांकडे परत गेली.

या गोष्टीत हरिपंडित खलनायक नाहीत. ते विद्वान होते, विषय त्यांना येत होता. रिकामे झालेले अंगण पाहून त्यांना कळले की विषय येणे वेगळे आणि शिकवता येणे वेगळे. आपल्या शाळा-महाविद्यालयांत रिकामे अंगण इतक्या सहज दिसत नाही, कारण हजेरी सक्तीची असते. मुले बसलेली असतात. ती कधीच उठून गेली आहेत, हे निकालाच्या दिवशी कळते.

जात्यावरचा अलिफ

हे काम एकट्या वारकऱ्यांनी किंवा महानुभावांनी केले असे मानणेही अपुरे ठरेल. एकनाथ पैठणात लिहीत होते त्याच काळात विजापुरात बुर्हानुद्दीन जानम दखनीत लिहीत होते. धर्मज्ञानाची प्रतिष्ठित भाषा अरबी आणि फारसी असताना लोकांच्या बोलीत का लिहितो, याचे समर्थन त्यांनाही द्यावे लागले. संस्कृत आणि मराठीचा जो झगडा पैठणात, तोच फारसी आणि दखनीचा विजापुरात.

पुढे विजापूरच्या चिश्ती सुफींनी एक पाऊल आणखी टाकले. त्यांच्या परंपरेत ‘चक्कीनामे’ आणि ‘चरखानामे’ रचले गेले, म्हणजे दळताना आणि सूत कातताना म्हणायची गाणी. अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी १९७४ साली या गाण्यांवर महत्त्वाचा निबंध लिहिला. जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ हे अक्षर, अशा उपमांतून बाईला तौहीद सांगितली जाई. तिला मदरशात जाता येत नव्हते, म्हणून मदरसा जात्यापाशी आला. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत, त्यात कुठली ओवी विठ्ठलाची आणि कुठली पिराची, हे वेगळे काढणे मुश्कील होते. त्याचे मूळ असल्या शिकवणीत आहे.

मुस्लिम वाचकांना याहून जुना एक प्रसंग आठवेल. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केतल्या कुरैश सरदारांशी बोलण्यात गुंतले होते. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध गृहस्थ काही शिकायला म्हणून आले. त्यांना सरदार बसलेले दिसत नव्हते. ते मध्येच प्रश्न विचारत राहिले. प्रेषितांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्यावर कुरआनचा ८०वा अध्याय ‘अबसा’ अवतरला. शिकण्याची ओढ घेऊन आलेल्याकडे पाठ आणि बेफिकीर बड्यांकडे लक्ष, याबद्दल खुद्द प्रेषितांना त्यात टोकले आहे. पुढे हेच इब्न उम्मे मक्तूम मदिनेत अजान देत आणि प्रेषित बाहेरगावी असताना त्यांच्या जागी नमाज पढवत.

हा प्रसंग आपण वाझमध्ये अनेकदा ऐकतो. पण आपल्या किती मशिदींना रॅम्प आहे? जुम्याचा खुतबा खुणांच्या भाषेत किती ठिकाणी सांगितला जातो? मकतबात सबक पाठ न होणाऱ्या पोराला कोपऱ्यात उभे करताना ‘अबसा’ आठवतो का? अंध हाफिजांची परंपरा आपल्याकडे आहे आणि तिचा अभिमान रास्त आहे. पण ज्याला पाठांतरच जमत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न उरतोच.

गावबा

पैठणकडे परत येतो, कारण त्याच प्रश्नाचे उत्तर तिथे एका मुलाच्या रूपाने आहे.

गावबा हा पैठणचाच पोरगा. परंपरा सांगते की तो बुद्धीने मंद समजला जाई. त्याला एकच वेड होते, पुरणपोळीचे. रोज पुरणपोळी कुठून आणायची, म्हणून त्याच्या आईने त्याला नाथांच्या वाड्यात आणून सोडले. तिथे अन्नदान चाले, पोळी मिळे. तो राहिला, सांगतील ते काम करू लागला. लोक त्याला पुरणपोळ्या म्हणून चिडवत. नाथांनी त्याला मंत्र द्यायचे ठरवले तर त्याच्या तोंडून एकच शब्द निघे, ‘एकनाथ’. दुसरे नाव येईना. नाथांनी हट्ट धरला नाही. हेच म्हण, म्हणाले.

आयुष्याच्या अखेरीस एकनाथ ‘भावार्थ रामायण’ लिहीत होते. युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापर्यंत ते आले आणि १५९९ साली त्यांनी देह ठेवला. ग्रंथ अपुरा. भोवती पंडित शिष्य होते, व्युत्पन्न मुलगा होता. पण काम सोपवले गेले गावबाकडे. ४४व्या अध्यायानंतरचे युद्धकांड गावबाचे, असे परंपरा मानते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मान्य आहे की या गोष्टीत चमत्काराचा अंश आहे. मंद पोरगा एका रात्रीत कवी होत नाही. पण चमत्काराचा पडदा सारला तर आत जे दिसते ते अगदी शक्य कोटीतले आहे. एक मुलगा वर्षानुवर्षे रोज प्रवचन ऐकतो आहे. त्याला परीक्षेची भीती नाही. पोट भरलेले आहे. त्याच्या हाताला काम आहे. त्याच्या एकाच शब्दाला चूक म्हटलेले नाही. ओवीची लय, नाथांची शब्दकळा आणि कथा त्याच्या कानांत मुरत आहेत. बाहेरून तो काही शिकतो आहे असे दिसत नाही, कारण कुणी त्याला पाठ म्हणून दाखवायला सांगत नाही. आणि एक दिवस त्याच्यावर विश्वास टाकून मोठे काम दिले जाते.

यातली पोटभर पोळीची बाजू मला फार मोलाची वाटते. शाळेतल्या खिचडीला हसणाऱ्यांनी गावबाची गोष्ट वाचावी. त्या पोराला ज्ञानाची भूक नंतर लागली. आधी साधी भूक होती आणि नाथांनी ती कमी लेखली नाही.

जिथे ही परंपरा अडखळते

इथवर वाचून कुणाला वाटेल की आपल्याकडे सगळे आधीच होते, नवे काही शिकायला नको. तसे नाही.

एकनाथांचीच ‘मुका’ आणि ‘बहिरा’ ही भारुडे घ्या. त्यांत मुकेपण आणि बहिरेपण हे माणसाच्या नैतिक दोषांचे रूपक आहे. जिभेचा गैरवापर केला म्हणून मुका, चांगले ऐकले नाही म्हणून बहिरा. ऐकणारा धडा घेऊन जातो. पण राहुटीत एखादी कर्णबधिर मुलगी आईजवळ बसलेली असेल, तर तिच्या आईने काय घेऊन जायचे? अपंगत्व हे कर्माचे फळ, ही समजूत आजही अशा मुलांना घरात कोंडून ठेवते. मुसलमान घरेही तिला अपवाद नाहीत, फक्त शब्द वेगळे असतात.

जातीचेही तसेच. राण्या नावाचा महार नाथांचे प्रवचन ऐकायला येई, त्याने प्रश्न विचारला, नाथ त्याच्या घरी जेवायला गेले, अशी गोष्ट आहे. उन्हात वाळूवर रडणारे अस्पृश्याचे लेकरू नाथांनी कडेवर घेतले, अशीही आहे. नाथांनी त्याची किंमत मोजली. पण त्या लेकराच्या नातवंडा-पतवंडांना शाळेत बसायला मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्यासारख्यांनी शाळा उघडल्यावर. कीर्तनातली समता अंगणाबाहेर पडायला अडीचशे वर्षे लागली. शिक्षकाचे मन मोठे असून भागत नाही, रचना बदलावी लागते. मन त्या माणसाबरोबर जाते, रचना मागे राहते.

आजचा वर्ग

रचनेचा विचार आता जगभर चालू आहे. १९८४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ‘कास्ट’ ही संस्था सुरू झाली. अपंग मुलांना संगणकाच्या मदतीने पाठ्यपुस्तक वाचता यावे, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. काम करता करता त्यांच्या लक्षात आले की आपण मुलांना दुरुस्त करत बसलो आहोत, दुरुस्त व्हायला हवे ते पुस्तक. त्यातून ‘युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग’ ही पद्धत उभी राहिली. तिची तीन सूत्रे आहेत. मुलाला गोडी लागण्याच्या वाटा अनेक ठेवा. एकच गोष्ट अनेक रूपांत मांडा. आणि शिकलेले दाखवण्याची रीतही एकच ठेवू नका, लिहिता येत नसेल त्याला बोलू द्या, करून दाखवू द्या.

पैठणच्या माणसाला यात नवे काय वाटावे? गोडीसाठी सोंग होते, रूपांसाठी रूपक, ताल आणि धृपद होते, आणि दाखवण्याच्या रीतीसाठी गावबा होता.

आपला कायदाही याच दिशेने आला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तिथे मुलाच्या मातृभाषेत शिकवायला सांगितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि माझ्या बाकसोबत्याला जे असावे असे मला आज वाटते, ते अक्षरे न ओळखू येणेही त्यात आले. पण कायदा वर्गाच्या दारापर्यंत येतो. आत जायला शिक्षक लागतो. आणि एका खोलीत तीन इयत्ता सांभाळणाऱ्या, वर निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी कामे अंगावर असलेल्या शिक्षकाला ‘समावेशक व्हा’ असे परिपत्रक पाठवणे, हे हरिपंडितांच्या संस्कृत प्रवचनासारखेच आहे. त्याला साधने द्या, वेळ द्या, वर्गातली संख्या कमी करा.

काही गोष्टी मात्र परिपत्रकावाचून होतील. पहिलीच्या वर्गात दखनी, गोंडी, बंजारा किंवा पारधी बोलणारे मूल असेल, तर शिक्षकाने त्या भाषेतले दहा शब्द शिकून घ्यावेत. त्याच शब्दांवरून मराठीत यावे. ‘शाला’ म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसला, तर शिक्षकाने त्या दिवशी वर्गालाच ‘ळ’ची गोष्ट सांगावी. तो काही भाषांत आहे, काहींत नाही, आणि जो दोन भाषा घेऊन वर्गात आला आहे त्याच्याकडे एक भाषा जास्तच आहे. एवढ्याने मुलगा शेवटच्या बाकावरून एक बाक पुढे सरकतो.

मी पुढे मराठीतच लिहायला लागलो. ‘ळ’ आता नीट येतो. माझा बाकसोबती तालुक्याच्या ठिकाणी गॅरेज चालवतो. नव्या गाड्यांचे काम तो मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकला. त्याला अजून वाचता येत नाही. मी लेख लिहिला की तो लिंक उघडत नाही. फोन करतो आणि म्हणतो, आता बोलून सांग.

हा लेखही मी त्याला बोलूनच सांगणार आहे.